लहान मुलं सांभाळताना स्वतःचं खाणं आणि व्यायाम: सुरुवात स्वतःच्या ताटापासून

माझी मोठी साडेचार वर्षांची आणि धाकटा सव्वा वर्षाचा. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, नवऱ्याची अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, सासू-सासरे सिन्नरला, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि ही दोघं. धाकटा आठ महिन्यांचा होता तेव्हा दोन जिने चढले तरी दम लागायचा, केस मुठीने गळायचे आणि वजन मात्र लग्नानंतरच्या वजनापेक्षा ११ किलोने जास्त. मला कळतच नव्हतं की मी धड जेवत नाही, दिवसभर पायावर उभी असते, तरी वजन का वाढतंय. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईला निदान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, काल दुपारी काय जेवलात? मला आठवेना. कारण मी जेवलेच नव्हते, लेकीच्या वाटीतली खिचडी संपवली होती.

तिथून पुढे सात महिन्यांत जे केलं ते क्रमाने सांगते. क्रम मोडू नका असं मुद्दाम सांगतेय, कारण मी आधी उलटं केलं होतं, आधी जिम लावली आणि खाणं तसंच ठेवलं, तर दोन आठवड्यांत पाठ धरली आणि जिम सुटली.

पायरी १: तीन दिवस वहीत लिहा

फक्त लिहायचं, बदलायचं काही नाही. तोंडात जे जाईल ते, वेळेसकट. मुलाच्या ताटातला घास, चहात बुडवलेलं बिस्कीट, वरणभात कालवताना चाखलेलं, सगळं. माझी पहिल्या दिवसाची यादी अशी होती: सकाळी ६.३० चहा, ८ ला लेकीच्या पराठ्याची कड, १० ला चहा आणि चार बिस्किटं, ११.३० ला बाळाची उरलेली नाचणीची खीर, १ वाजता लेकीची अर्धी वाटी खिचडी, ३.१५ ला उभ्यानेच एक पोळी चटणीशी गुंडाळून, ५ ला चहा आणि फरसाण, ७ ला बाळाचा मऊ भात, आणि रात्री १० ला मुलं झोपल्यावर खरं जेवण, तेही भूक अनावर झालेली म्हणून चार पोळ्या.

हे लिहिलं तेव्हा मला रडू आलं. दिवसभरात भाजी जवळपास नाही, डाळ खिचडीतली तेवढीच, आणि मैदा, साखर, भात, तूप हे घासाघासाने पोटात जातंय. उष्टं टाकायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, अन्न पूर्णब्रह्म, ते मलाही मान्य आहे, पण मुलांच्या ताटात उरलेलं हे आईचं जेवण असू शकत नाही. ते मुलाच्या वयाचं अन्न आहे, मऊ, गोडसर, तुपाचं, आणि ते खाऊनही आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही.

यावर उपाय एकदम साधा निघाला: मुलांना वाढतानाच कमी वाढायचं. सव्वा वर्षाच्या पोराला दोन चमचे वाढा, संपलं तर परत दोन. आधी मी वाटीभर कालवायचे आणि पाऊण वाटी माझ्या पोटात जायची. आता उरतंच नाही फारसं.

पायरी २: मुलांच्या आधी नाहीतर मुलांसोबत, पण आपलं ताट वाढून घ्या

दुपारी साडेबाराला कुकर उघडला की पहिलं ताट माझं वाढते. जेवायला नंतर बसले तरी चालेल, पण ताट वाढून झाकून ठेवलेलं असलं की ते खाल्लं जातं, "नंतर बघू" म्हटलं की तीन वाजतात. सुरुवातीला मलाच अपराधी वाटायचं, आई म्हणजे सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत पण बघत होत्या. मग मीच त्यांना हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दाखवला. दुसऱ्या दिवसापासून त्याच मला "तू बस आधी, मी बघते त्याला" म्हणायला लागल्या. घरच्यांना आकडा दाखवा, थकवा दिसत नाही पण रिपोर्ट दिसतो.

आता ताटात काय. आपल्याकडे कमी पडतं ते प्रोटीन आणि लोह. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. अंगावर पाजत असाल तर पहिले सहा महिने त्यावर साधारण १७ ग्रॅम जास्त आणि पुढचे सहा महिने १३ ग्रॅम जास्त, शिवाय रोज ५००-६०० कॅलरी जास्त, म्हणून पाजत असताना उपाशी राहून डाएट करायचं नाही, आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त वजन उतरवायच्या मागे लागू नका.

५० ग्रॅम ऐकायला मोठं वाटतं पण घरच्याच जेवणात बसतं. माझा हिशोब असा असतो: सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम) किंवा अंडी चालत नसतील तर भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी, दुपारी घट्ट वरणाची वाटी (६-७) आणि बाजरीच्या दोन भाकरी (१०), सोबत वाटीभर दही (४-५), चार वाजता दोन मुठी फुटाणे (८), रात्री वाटीभर मटकीची नाहीतर चवळीची उसळ (७-८) आणि झोपताना कपभर दूध (६). झाले की पन्नासच्या वर. वरण पातळ केलं की प्रोटीन पण पातळ होतं हे लक्षात ठेवा, पाण्यासारख्या आमटीच्या दोन वाट्यांत मूठभर डाळही नसते.

लोहासाठी मेथी, शेपू, अंबाडी, चवळीची पानं, बाजरी, अळीव, आणि मांसाहार असेल तर आठवड्यातून दोनदा मटणाला पर्याय नाही. भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून जेवताना लिंबाची फोड, पेरूच्या दोन फोडी किंवा आवळा. आणि चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको, चहा लोह शोषू देत नाही. मला हा नियम सगळ्यात जड गेला, चार वेळा चहाची सवय, पण जेवण आणि चहा एवढे लांब केले तरी पुरे, चहा सोडायची गरज नाहीये.

डिंकाचे आणि अळीवाचे लाडू चांगलेच आहेत, बाळंतिणीला हवेतच. फक्त सव्वा महिन्यातली सवय दोन वर्षं चालू ठेवू नका. एका लाडवात तूप-गूळ भरपूर असतो, पाजताय तोवर रोज एक ठीक आहे, पाजणं बंद झालं की तोच लाडू आठवड्यातून दोनदा.

पायरी ३: आठवड्यातून एकदा दोन तास तयारी

मी बुधवारी करते कारण बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो आणि नवरा फर्स्ट शिफ्टला असला तर येताना भाजी घेऊन येतो. तुमच्या भागातला बाजार ज्या दिवशी असेल तो दिवस धरा. मुलं झोपल्यावर रात्री बसून पालेभाजी निवडायची, न धुता कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात, कोथिंबीर पण तशीच. लसूण सोलून एक बाटली. शेंगदाण्याचा कूट एक डबा. सुक्या खोबऱ्याची नाहीतर जवसाची चटणी. कडधान्य दोन प्रकारची भिजत टाकायची, मटकी आणि मूग, सकाळी उपसून कापडात बांधायची. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मटकीला मोडच येत नाहीत अशी तक्रार सगळ्यांची असते, मी भिजवायला कोमट पाणी घेते आणि बांधलेलं फडकं स्टीलच्या डब्यात घालून डबा जुन्या शालीत गुंडाळून ठेवते, दीड दिवसात छान मोड येतात. मोड आलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं.

भाजणी महिन्याची एकदम. माझ्या आईची पद्धत आहे, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, धणे, सगळं वेगवेगळं भाजून गिरणीतून दळून आणायचं. ज्या संध्याकाळी काही सुचत नाही तेव्हा कांदा-मेथी घालून थालीपीठ आणि दही, पंधरा मिनिटांत पूर्ण जेवण, मुलंही खातात.

आणि एक डबा "माझा" म्हणून वेगळा ठेवा, फुटाणे, शेंगदाणे, दोन खजूर. तो बिस्किटांच्या डब्यापुढे ठेवायचा, मागे नाही. चार वाजता हात समोरच्या डब्याकडेच जातो.

रविवारी बाहेर मिसळ खाणं आम्ही बंद केलेलं नाही, नाशिकला राहून ते जमणारही नाही. मटकी जास्त मागायची, दही घ्यायचं, तर्री बेताची, पाव दोन ऐवजी एक. आणि त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करू नका

वेगळं रांधत बसलात तर तुमचा सगळा वेळ तिथेच जाणार. एकाच कुकरमध्ये डाळ-भाजी शिजवा, वर्षाच्या आतल्या बाळाचा वाटा मीठ-साखर-तिखट पडायच्या आधी काढा, मग बाकीच्यांची फोडणी. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायला म्हणूनसुद्धा नाही. आई-बापाने ठरवायचं काय आणि किती वाजता, किती खायचं ते मुलाने ठरवायचं, मागे वाटी घेऊन पळायचं नाही. ज्या दिवशी मी पळणं बंद केलं त्या दिवशी मला जेवायला वीस मिनिटं मिळाली. दूध वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, दुधाने पोट भरलं की मुलं जेवत नाहीत आणि त्यांचंही हिमोग्लोबिन उतरतं.

एक गोष्ट नाशिककरांना खास. जानेवारी ते मार्च घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, मुलांच्या हातात घड दिला जातो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, गोल, गुळगुळीत आणि बरोबर श्वासनलिकेच्या मापाचं असतं ते. उभं चिरून चार तुकडे करून द्या, बसवून द्या, पळताना नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पण तसेच, त्यांना कूट द्या. आपला तो डबा वर ठेवा.

पायरी ४: व्यायामाची सुरुवात पोटाच्या आतून

जिममध्ये मला पहिल्याच आठवड्यात क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे पोटाचे व्यायाम, करायला लावले होते. कोणी विचारलं नाही की बाळंतपण होऊन किती दिवस झाले, मीही सांगितलं नाही. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा यायचा, आणि मला वाटायचं चरबी आहे. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकतात आणि बऱ्याच जणींचे नंतर नीट जवळ आलेले नसतात, त्यावर क्रंचेस केले की अजून वाईट.

हे घरी बघता येतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं जरासं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी दाबून बघा. बाळंतपणाला आठ आठवडे होऊन गेल्यावरही दोन बोटांपेक्षा जास्त फट लागत असेल तर क्रंचेस, सिट-अप, पूर्ण प्लँक बंद, आणि एकदा फिजिओला दाखवा. सिझेरियन असेल तर सहा ते आठ आठवडे आणि डॉक्टरांचं हो आल्याशिवाय चालणं आणि श्वासाचे व्यायाम सोडून काहीच नाही, बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

पहिले चार आठवडे मी एवढंच केलं. झोपून गुडघे वाकवून श्वास घ्यायचा, सोडताना बेंबी हलकेच आत आणि खालचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना जे आवळतो ते, आवळून पाच सेकंद धरायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना याची प्रॅक्टिस करायची नाही, स्नायू कळण्यापुरतं एकदा ठीक. बाळाला पाजताना, भाजी चिरताना होतं हे, कोणाला कळतही नाही. खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब जातो हे बायका वर्षानुवर्षं सहन करतात, बोलत नाहीत. हे कॉमन आहे पण सोसायचं नसतं, यावर इलाज आहे, गायनॅकला आवर्जून सांगा.

बाळ उचलायची पद्धत पण इथेच सुधारा. अंगठे पसरून काखेत हात घालून उचललं की मनगट दुखतं, माझं तीन महिने दुखत होतं. एक हात ढुंगणाखाली, एक पाठीखाली, आणि कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकून.

पायरी ५: दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे

तासभर सलग मिळणार नाही, ते धरूनच चला. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं काही आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजचे ३० मिनिटं धरले तर पाच दिवसांत होतात, आणि ते ३० तुकड्यांत केले तरी चालतात.

हे तुकडे घड्याळाला बांधू नका, मुलांच्या वेळांना बांधा. माझे असे आहेत. पहिला, सकाळी कुकर लागला की, तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली २०, ओट्यावर हात टेकून तिरके पुश-अप १०, स्क्वॉट १५, परत पहिल्यापासून. दुसरा, लेक शाळेतून आल्यावर गाणी लावून दोघांसोबत नाच, खरा नाच, घाम येईपर्यंत, मुलांनाही दिवसभरात तीन तास हालचाल हवीच असते. तिसरा, संध्याकाळी चटईवर: सेतुबंधासन १२, चार पायांवर येऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करायचा, एका बाजूला ८, पाठीच्या पिशवीत दोन लिटरची बाटली टाकून वाकून रोइंग, म्हणजे पिशवी पोटाकडे ओढायची, १२, दोन राउंड. धाकटा अंगावर चढतो, चढू द्या, साडेनऊ किलोचं वजन आहे ते, त्याला छातीशी धरून केलेले स्क्वॉट जिमच्या डंबेलपेक्षा कमी नाहीत. महिन्याने ते सोपं वाटायला लागलं की आकडे वाढवा.

चालायला कुठे जायचं

आपल्याकडे फुटपाथवर बाबागाडी चालत नाही, कुठे फरशी उखडलेली, कुठे गाड्या लावलेल्या. म्हणून ट्रॅकवरच जावं लागतं. मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते, कॉलेज रोडच्या मैत्रिणी कृषीनगरच्या ट्रॅकवर, शहरातल्यांना गोल्फ क्लबचं मैदान. बाळाची मान धरली असेल तर कॅरियरमध्ये छातीशी बांधून चाला, त्याचे पाय नुसते लोंबकळायला नकोत, गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर हवेत. महिन्यातून एखादा रविवार पांडवलेणी, सकाळी लवकर, धाकटा नवऱ्याच्या पाठीवर आणि लेक स्वतः पायऱ्या चढते. चोवीस लेणी आहेत वर, ती दर वेळी तीन-चारच बघते आणि खाली फाळके स्मारकाच्या बागेत पळते. घरच्यांची एक पूर्ण सकाळ हालचालीत जाते.

नवरा शिफ्टला असेल तर एक टाइमटेबल पुरत नाही, हे मला सहा महिन्यांनी कळलं. फ्रीजवर दोन कागद लावलेत. तो फर्स्ट शिफ्टला असला की चारला घरी, माझं चालणं ५ ते ५.४०. सेकंड शिफ्टला असला की सकाळी तो घरी, माझं चालणं ६.३० ते ७.१०, आणि त्या वेळात दोन्ही मुलं आणि दुधाचं पातेलं त्याच्याकडे. नाइट शिफ्टच्या आठवड्यात चालणं नाहीच, फक्त दहा-दहाचे तुकडे. नवऱ्याला "मदत कर" असं मोघम सांगून काही होत नाही, वेळ लिहून द्या, माझ्या नवऱ्याने लिहिलेलं एकदाही चुकवलेलं नाही.

झोप कमी झाली असेल तर

रात्री तुकड्या-तुकड्यात मिळून पाच तासांच्या आत झोप झाली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, बाळ दुपारी झोपलं की आपणही झोपायचं. भांडी राहू द्यात. झोप नसली की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं, ते इच्छाशक्तीने थांबत नाही.

आणि दोन आठवडे झाले तरी सतत रडू येतंय, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, सगळं संपवावंसं वाटतंय, तर हा थकवा नाही. घरात एका माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा, नाहीतर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

आजारपणाचा आठवडा

पावसाळ्यात एकाला सर्दी झाली की आठ दिवसांत सगळं घर आजारी, आणि तिथे सगळ्यांचं रुटीन मोडतं. त्या आठवड्यासाठी वेगळे तीनच नियम ठेवलेत: दोन वेळा स्वतःचं ताट, एकदा तरी अंडी नाहीतर मुगाचं कढण, आणि कीगल, म्हणजे पायरी ४ मधलं खालचे स्नायू आवळणं. बाकी सगळं माफ. मुलं बरी झाली की निम्म्या आकड्यांपासून परत सुरू, सोडलं होतं तिथून नाही.

लोहाच्या गोळ्या मी रोज सकाळी लिंबूपाण्यासोबत घेतल्या, दुधासोबत किंवा चहासोबत नाही. तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ११.९, वजन पाच किलो कमी. बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या बंद करणार होते, डॉक्टरांनी थांबवलं, म्हणाले आकडा वर आला तरी शरीरातला साठा भरायला अजून तीन महिने लागतात. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.